व्हॉइस ओव्हर म्हणजे काय? सिनेमा, टीव्ही आणि रील्समधला न दिसणारा आवाज कसं काम करतो



आज सकाळपासून तुम्ही फोनवर जे व्हिडिओ बघितलेत ते आठवून बघा. त्यातल्या कितीतरी व्हिडिओंत बोलणारा माणूस दिसलाच नसेल. चित्र चालू होतं आणि वरून कुणीतरी सांगत होतं. या 'वरून सांगण्याला' व्हॉइस ओव्हर म्हणतात. सिनेमात तो जवळजवळ शंभर वर्षांपासून आहे, टीव्हीवर रोज आहे आणि आता तुमच्या-माझ्या फोनमधल्या एका बटणावर आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. सिनेमाचं शिक्षण वगैरे काही झालेलं नाही. या विषयाच्या मागे मी लागलो तो एका व्हिडिओमुळे.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यात, नदीकाठच्या गावात. २०१९ चा महापूर आजीने बघितलाय, त्यामुळे पावसाळा आला की घरात सगळेच जरा धास्तावलेले असतात. त्यानंतरच्याच एका पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी फेसाळत बाहेर पडतंय आणि वरून एक ठाम आवाज सांगतोय की नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब बाहेर पडावं. मामाने आजीला मोटरसायकलवर बसवलं, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि पावसात चौदा किलोमीटरवरच्या मावशीकडे नेलं. निघताना म्हशीचं दावं सोडून दिलं. पाणी आलं नाही. म्हैस सकाळी शेजाऱ्याच्या उसात सापडली. आजी मात्र आठवडाभर तापाने पडून होती.

दुसऱ्या दिवशी मी तीच क्लिप आवाज बंद करून बघितली. चित्रात स्वच्छ ऊन पडलं होतं! आमच्याकडे तर तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. म्हणजे क्लिप खोटी नव्हती. धरण खरं, पाणी खरं. फक्त चित्र जुनं होतं आणि आवाज नवा. घाबरवलं होतं ते आवाजाने.

तेव्हा या लेखातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: चित्र आणि आवाज या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, आणि कुणीतरी ठरवून त्या एकमेकांवर ठेवलेल्या असतात. हे डोक्यात बसलं की सिनेमा बघायला जास्त मजा येते, स्वतःचे व्हिडिओ चांगले होतात आणि फसायची शक्यताही कमी होते. चला, एकेक बघूया.

## व्हॉइस ओव्हर म्हणजे नेमकं काय?

सोपी व्याख्या अशी: पडद्यावर जे दृश्य चालू आहे, त्या दृश्यात न बोलला गेलेला, वेगळा रेकॉर्ड करून त्यावर ठेवलेला आणि थेट प्रेक्षकाला उद्देशून असलेला आवाज म्हणजे व्हॉइस ओव्हर. मराठीत आपण याला 'निवेदन' किंवा 'पार्श्वनिवेदन' म्हणतो, आणि बोलणाऱ्याला 'निवेदक'.

ओळखायची युक्ती एकच. स्वतःला विचारा: हा आवाज दृश्यातल्या माणसांना ऐकू येतोय का? येत नसेल आणि फक्त आपल्यालाच येत असेल, तर तो व्हॉइस ओव्हर.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण हिंदी 'बिग बॉस'मध्ये सापडतं. सदस्यांना सूचना देणारा 'बिग बॉस'चा आवाज सदस्यांना ऐकू येतो, ते त्याला उत्तरही देतात. तो माणूस दिसत नसला तरी त्या घरातलं एक पात्रच आहे. पण घरात आता किती वाजले, कोण कुठे काय करतंय हे सांगणारा दुसरा आवाज घरातल्या कुणालाच ऐकू येत नाही. तो फक्त तुमच्या-माझ्यासाठी आहे. पहिला पडद्याबाहेरचा संवाद, दुसरा व्हॉइस ओव्हर.

## डबिंग आणि व्हॉइस ओव्हर एकच का?

नाही. यात खूप जण गोंधळतात.

- डबिंग: पडद्यावरच्या पात्राच्या ओठांना दुसऱ्याचा आवाज बसवणं. हिंदी 'पुष्पा'मध्ये (२०२१) अल्लू अर्जुनला आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे. आपल्याला मात्र वाटत राहतं की अल्लू अर्जुनच बोलतोय. तसं वाटावं हाच डबिंगचा हेतू.
- व्हॉइस ओव्हर: यात ओठ जुळवायचेच नसतात. बोलणारा दृश्याच्या बाहेर उभा आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं.
- बातम्यांमधला भाषांतराचा आवाज: परदेशी नेता बोलतोय, त्याचा मूळ आवाज मागे हळू ऐकू येतोय आणि वरून मराठीत भाषांतर चालू आहे. हाही व्हॉइस ओव्हरचाच प्रकार. मूळ आवाज पूर्ण काढत नाहीत, म्हणजे हा माणूस खरंच बोललाय हे कळतं.

## निवेदक कोण-कोण असू शकतो?

१. कथेतलंच पात्र. पात्र स्वतःची गोष्ट 'मी' म्हणून सांगतं. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) मध्ये मॉर्गन फ्रीमनने केलेला रेड हा कैदी आपल्याला अँडीची गोष्ट सांगतो. गंमत बघा, गोष्ट अँडीची आहे, पण सांगतोय रेड. त्यामुळे अँडीच्या मनात काय चाललंय हे आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही. निवेदक बदलला असता तर सिनेमातलं रहस्यच गेलं असतं.

२. तेच पात्र, पण मोठं झालेलं. 'यंग शेल्डन'मध्ये पडद्यावर लहान शेल्डन दिसतो आणि आवाज येतो मोठ्या शेल्डनचा, म्हणजे 'द बिग बँग थिअरी'तल्या जिम पार्सन्सचा. 'हाऊ आय मेट युवर मदर'मध्ये २०३० सालातला टेड आपल्या मुलांना जुनी गोष्ट सांगतो. तिथे म्हाताऱ्या टेडला आवाज बॉब सॅगेट या वेगळ्याच नटाचा आहे. पात्र तेच, पण चित्राला एक नट आणि आवाजाला दुसरा.

३. मेलेलं पात्र. हो, हेही चालतं! बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) ची सुरुवात पोहण्याच्या तलावात तरंगणाऱ्या प्रेतापासून होते, आणि सगळी गोष्ट आपल्याला तोच मेलेला माणूस सांगतो. आपल्याकडे 'सेक्रेड गेम्स'मध्ये (२०१८) गणेश गायतोंडे पहिल्याच भागात मरतो, आणि त्याचा आवाज पुढे चालूच राहतो.

४. बाहेरचा, सगळं माहीत असलेला निवेदक. 'लगान' (२००१) मधला अमिताभ बच्चन यांचा आवाज आठवा. १८९३ साल, चंपानेर गाव, इंग्रजांचा अंमल, लगान म्हणजे काय, हे सगळं दोन-चार वाक्यांत उरकतं आणि गोष्ट सुरू होते. त्याआधी १९६९ मध्ये मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मध्ये अमिताभ यांनी निवेदन केलं होतं. सिनेमासाठी केलेलं त्यांचं ते पहिलं काम. म्हणजे हा माणूस सिनेमात दिसण्याआधी ऐकू आला!

५. माणूसच नसलेला निवेदक. दूरदर्शनवरच्या 'महाभारत'मध्ये (१९८८ ते १९९०) निवेदक होता 'समय', म्हणजे साक्षात काळ. आवाज हरीश भिमाणी यांचा. एवढ्या मोठ्या कथेत सगळ्यांच्या वतीने, पण कुणाचीच बाजू न घेता कोण बोलू शकेल? काळच. मराठीत सुबोध भावेंच्या 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) मध्ये खुद्द कट्यारच गोष्ट सांगते, रीमा लागूंच्या आवाजात.

जाता जाता एक माहिती: राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत निवेदनासाठी वेगळा पुरस्कार आहे. ६३व्या पुरस्कारांत तो भिमाणी यांनाच मिळाला, आणि तोही 'मला लाज वाटत नाही' या मराठी माहितीपटासाठी.

## सिनेमात व्हॉइस ओव्हर कशासाठी वापरतात?

मला सापडलेली मुख्य कामं ही:

- वेळ वाचवणं. पंधरा मिनिटांच्या प्रसंगांतून कळलं असतं ते अर्ध्या मिनिटात सांगता येतं. 'लगान'ची सुरुवात हे त्याचं उदाहरण.
- मनातलं सांगणं. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, विचार दिसत नाही.
- काळ ओलांडणं. 'पाच वर्षं गेली' एवढं म्हटलं की पाच वर्षं जातात.
- चित्राला टोमणा मारणं. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मध्ये इंग्रजांनी अवधचं राज्य कसं गिळलं ते ॲनिमेशन आणि मिश्कील निवेदनातून सांगितलंय. चित्र हसवतं आणि आवाज इतिहास सांगतो.
- माहिती देणं. माहितीपटात प्राणी स्वतः बोलत नाहीत, कुणीतरी सांगावंच लागतं.

या सगळ्यांत समान काय आहे? आवाज अशी गोष्ट सांगतोय जी चित्रात नाही. चांगल्या निवेदनाची ही एकच परीक्षा मी लक्षात ठेवलीय. पडद्यावर माणूस दार उघडतोय आणि निवेदकही म्हणतोय 'त्याने दार उघडलं', तर तो निवेदक फुकटचा पगार घेतोय.

## नको तिथे निवेदन घातलं की काय होतं?

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये आला. प्रेक्षकांना गोष्ट कळणार नाही अशी भीती स्टुडिओला वाटली आणि हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन घालायला लावलं. आवाज ऐकताना तो उगाच समजावून सांगतोय असं वाटत राहतं. १९९२ मध्ये 'डायरेक्टर्स कट' आला तेव्हा ते निवेदन काढून टाकलं, आणि पुढे तीच निवेदन नसलेली वाट अनेकांना जास्त आवडली.

चित्रं जवळजवळ तीच. काही वाक्यं काढली आणि सिनेमा प्रेक्षकाला मूर्ख समजेनासा झाला.

## तेच चित्र, वेगळा आवाज, वेगळा अर्थ

हा या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग.

'मार्च ऑफ द पेंग्विन्स' (२००५) हा अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांवरचा फ्रेंच माहितीपट. मूळ फ्रेंच आवृत्तीत नट-नट्यांनी पेंग्विनांनाच आवाज दिलाय, म्हणजे आई, बाबा आणि पिल्लू 'मी' म्हणून बोलतात. अमेरिकेत तो दाखवताना हे सगळं काढून मॉर्गन फ्रीमनचं बाहेरून सांगणारं निवेदन घातलं. फ्रान्समधल्या प्रेक्षकाने एका कुटुंबाची गोष्ट बघितली, अमेरिकेतल्याने निसर्गाची. पेंग्विन मात्र तेच, बर्फही तोच.

याहून धारदार उदाहरण फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्करचं आहे. 'लेटर फ्रॉम सायबेरिया' (१९५७) या माहितीपटात त्याने याकुत्स्क शहरातल्या रस्त्याची काही दृश्यं घेतली. बस, गाडी, रस्त्याचं काम करणारे मजूर. एवढंच. मग तीच दृश्यं त्याने तीन वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवली. एकात सोव्हिएत व्यवस्थेची भरभरून स्तुती, दुसऱ्यात त्याच व्यवस्थेवर सडकून टीका आणि तिसऱ्यात तटस्थ वर्णन. एकही फ्रेम बदलली नाही, तरी स्तुती ऐकताना मजूर आनंदी दिसतात आणि टीका ऐकताना तेच मजूर पिचलेले दिसतात.

आता आमची धरणाची क्लिप आठवा. तिथे दुसरं काय झालं होतं?

आपल्याकडे या ताकदीची जाण सरकारलाही फार आधीपासून होती. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. तिचे माहितीपट आणि वार्तापट देशभरच्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी दाखवले जायचे. चित्र एकच, निवेदन वेगवेगळ्या भारतीय भाषांत. घरात टीव्ही नसलेल्या पिढीने देश बघितला तो या आवाजाच्या बोटाला धरून. माझ्या आजीच्या लेखी तर असा खणखणीत, शुद्ध भाषेतला आवाज म्हणजे सरकारी आवाज, आणि सरकारी आवाज म्हणजे खरं. त्या रात्री तिने चित्र नीट बघितलंही नव्हतं. तिने फक्त ऐकलं.

## तांत्रिक बाजू: आवाज चित्रावर कसा बसतो?

तुम्ही फोनमधलं कुठलंही व्हिडिओ एडिटिंग ॲप उघडा. खाली आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. वरच्या पट्टीत चित्र, खालच्या पट्ट्यांत आवाज. सिनेमातही मूळ रचना हीच, फक्त पट्ट्या पुष्कळ जास्त. ढोबळमानाने चार प्रकार असतात:

१. संवाद
२. निवेदन
३. संगीत
४. वातावरणाचे आवाज (पाऊस, रहदारी, पावलं)

संगीत आणि वातावरणाचे आवाज वेगळे जपून ठेवतात. म्हणूनच सिनेमा दुसऱ्या भाषेत नेताना फक्त बोलणं बदलता येतं आणि पाऊस तोच राहतो.

निवेदन सुरू झालं की मागचं संगीत आपोआप हळू होतं, हे लक्षात आलंय का? त्याला 'डकिंग' म्हणतात. बदक पाण्यात डोकं घालतं तसं संगीत खाली जातं आणि वाक्य संपलं की वर येतं. बऱ्याच मोबाईल ॲप्समध्येही ही सोय असते.

आवाज फाईलमध्ये कसा साठतो? माईक हवेतली कंपनं विजेच्या संकेतात बदलतो आणि यंत्र त्या संकेताची सेकंदाला हजारो वेळा नोंद घेतं. व्हिडिओसाठी हा आकडा साधारणपणे सेकंदाला ४८,००० असतो. प्रत्येक नोंद १६ बिटची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हिशोब करा: ४८,००० नोंदी × २ बाइट × ६० सेकंद, म्हणजे एका मिनिटाचा एकेरी, न दाबलेला आवाज सुमारे ५.७६ एमबी होतो. रील अपलोड करताना तो दाबून बराच लहान केला जातो.

## स्वतःच्या फोनवर चांगला व्हॉइस ओव्हर कसा करायचा?

महागडा माईक नसला तरी चालतं. मी स्वतः चुका करत करत शिकलो, त्यातून निघालेल्या टिप्स:

आधी लिहा, मग बोला. आणि लिहाल ते बोलण्याच्या मराठीत. 'सदर मोबाईलमध्ये पुढील सुविधा उपलब्ध करून देण्यात आलेल्या आहेत' हे वाचताना जीभ अडखळते. 'या फोनमध्ये काय काय आहे बघूया' हे सरळ तोंडात बसतं.

शब्द मोजा. मी आरामात वाचतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे मिनिटाच्या व्हिडिओला १२० शब्द. १८० लिहिलेत तर धावावं लागेल.

कपाटासमोर बसा. मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि घुमतो. कपडे, गाद्या, गोधड्या आवाज शोषून घेतात. माझी पहिली चांगली रेकॉर्डिंग उघड्या कपाटात तोंड घालून झालीय. आई विचारत होती, बरा आहेस ना?

पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबा.

फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका धरा. समोर धरलात तर प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत माईकवर आदळतो आणि 'भप्प' असा आवाज येतो.

सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा. खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड झालेला असला की ॲपला मागची घरघर ओळखून कमी करायला सोपं जातं.

शेवटी परीक्षा घ्या. व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका. दोन्ही वेळा तीच माहिती मिळत असेल तर निम्मी वाक्यं काढून टाका.

## ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी

आता या नियमाला अपवाद. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी एक खास निवेदन असतं, त्याला 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' म्हणतात. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत निवेदक सांगतो की पडद्यावर काय घडतंय. 'त्याने दार उघडलं' हे वाक्य इथे फुकटचं नाही, इथे तेच सगळ्यात महत्त्वाचं. अनेक ओटीटी ॲप्समध्ये भाषा निवडतो तिथेच हा पर्याय सापडतो. थिएटरमधल्या अशा सोयींसाठी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. घरात कुणाची नजर अधू असेल तर त्यांना हा पर्याय एकदा लावून द्याच.

## एआयचा आवाज: सोय आणि धोका

आता लिहिलेलं वाक्य टाकलं की ॲप स्वतः वाचून दाखवतं. सोय मोठी आहे, पण मराठीत ती अजून ठेचकाळते. कारण आपली लिपी. 'चहा'मधला च आणि 'चव'मधला च लिहायला एकच, उच्चार मात्र वेगळे. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, यांतल्या ज चंही तसंच. कुठे कोणता उच्चार हे अक्षरावरून कळत नाही, शब्द माहीत असावा लागतो. आकड्यांचाही घोळ होतो, म्हणून मशीनला वाचायला देताना '१९९३' ऐवजी 'एकोणीसशे त्र्याण्णव' असं अक्षरात लिहा.

धोका वेगळा आहे. एखाद्याच्या आवाजाचे नमुने देऊन एआयकडून त्याच्याच आवाजात हवं ते वदवून घेता येतं. २०२१ मध्ये अँथनी बोर्डेन या प्रसिद्ध शेफवर 'रोडरनर' नावाचा माहितीपट आला. बोर्डेन २०१८ मध्येच वारले होते. त्यांनी लिहिलेल्या काही ओळी दिग्दर्शकाने एआयने बनवलेल्या त्यांच्याच आवाजात घातल्या, आणि ते सिनेमात कुठे सांगितलं नाही. नंतर कळलं तेव्हा मोठा वाद झाला. शब्द त्यांचेच होते, पण ते त्यांनी कधी उच्चारले नव्हते. प्रेक्षकाला हे सांगायला नको होतं का? मला वाटतं, सांगायलाच हवं होतं.

आपल्याकडेही कोर्टाने याची दखल घेतलीय. गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन, परवानगीशिवाय एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्यापासून संबंधितांना रोखलं. आवाज हीसुद्धा माणसाची स्वतःची वस्तू आहे, हा त्याचा साधा अर्थ. तेव्हा मित्राचा आवाज गमतीत क्लोन करण्याआधीही त्याला विचारा.

## व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी तपासा

धरणाच्या क्लिपनंतर मी घरच्यांसाठी ही यादी केली. फ्रीजवर चिकटवलीय:

१. आवाज बंद करून एकदा बघा. नुसत्या चित्रातून काय सिद्ध होतं? आमच्या क्लिपमधून एवढंच होत होतं की कुठल्यातरी धरणातून कधीतरी पाणी सोडलं.
२. मूळ आवाज कुठे गेला? एवढं पाणी कोसळतंय आणि त्याचा आवाजच नाही? आमच्या क्लिपमध्ये पाण्याऐवजी बंद खोलीतला पंखा ऐकू येत होता.
३. ऊन, सावली, कपडे, पाट्या बघा. दिवस आणि जागा आवाजाशी जुळतात का?
४. बोलणारा कोण? नाव, तारीख, ठिकाण सांगतोय, की नुसतं 'ताबडतोब'?
५. धोक्याची सूचना असेल तर थेट विचारा. गावचे पोलीस पाटील, तलाठी किंवा तहसील कार्यालय. खात्री होईपर्यंत सावध राहा, हवं तर निघायची तयारीही ठेवा. पण क्लिप पुढे ढकलू नका.

## थोडक्यात

व्हॉइस ओव्हर म्हणजे चित्रावर ठेवलेला वेगळा आवाज. चित्रात नसलेलं तो सांगतो, म्हणून तो उपयोगी. आणि नेमकं त्याच कारणाने, चित्रात नसलेलं तो घुसडूही शकतो. 'समय' असो, मॉर्गन फ्रीमन असो नाहीतर ग्रुपवरचा अनोळखी काका, तो आवाज तिथे कुणीतरी आणून ठेवलेला आहे.

आमच्या आजीला ट्रॅक वगैरे काही समजावलं नाही. फक्त फोनच्या कडेचं आवाज कमी करायचं बटण दाखवलं. आता ग्रुपवर काही भीतीदायक आलं की ती आधी ते बटण दाबते, चष्मा लावून चित्र बघते आणि मग मामाला हाक मारते, "अरे, यात तर ऊन पडलंय की."